खापर कुणाच्या माथी?

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात नंदुरबारच्या बाजारात मातीच्या घागरींची रास लागते. घागर आणि तिच्या तोंडावर बसणारी लहानशी केळी, अशी जोडी घ्यायची असते. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने त्यात पाणी भरायचे, वर डांगर आणि आंबा ठेवायचा, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा, ही खानदेशातल्या घराघरांची रीत. घागर घ्यायला आलेली बाई तिचा रंग फारसा पाहत नाही. ती घागर एका हातावर तोलते, कानाजवळ धरते आणि बोटाच्या पेराने तिच्यावर टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तर भाव विचारते. भद्द आला तर घागर होती तिथे ठेवून पुढची उचलते. कुंभारही वाद घालत नाही. घागर कच्ची राहिली की तिला चीर गेली आहे, हे त्यालाही त्याच आवाजातून कळते.

तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात हीच परीक्षा डोक्यांवर केली आणि थापटण्याने ठोकून नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यातले अध्यात्म बाजूला ठेवले तरी धंद्याची एक पक्की गोष्ट उरते. भांडे घडवणाऱ्याचे नाव, घराणे, कीर्ती यांपैकी काहीही त्या आवाजात ऐकू येत नाही. स्टुडिओ पॉटरी या विषयाची ओळख करून देताना मी हाच आवाज कसोटी म्हणून धरला आहे.

'स्टुडिओ पॉटर'ला मराठीत सर्वांच्या तोंडी बसलेला शब्द नाही. 'मृत्तिकाशिल्पी' भाषणात शोभतो, 'कलाकुंभार' कानाला अवघडतो. हे काम करणारे एकमेकांत सरळ 'पॉटरी करतो', 'पॉटरी करते' असेच म्हणतात. शब्दाचे राहू द्या. कामाची मांडणी समजली की पुरे. गावच्या कुंभाराचे काम कधीच एकट्याचे नव्हते. पोरे माती खणून आणत, गाढवे ती वाहत, घरातल्या बाया ती चाळत आणि मळत, घरधनी चाकावर बसे, कच्चे मडके थापटून फुगवायला आणखी कुणी हात लावी आणि आवा रचायला सारे घर लागे. भांडी गाव नेई आणि सुगीला बलुत्याचे धान्य देई. मडके फुटले तर माती हलकी होती, सरपण ओले होते, वळवाचा पाऊस आला, अशी दोषाची वाटणी चार जणांत होई.

स्टुडिओ पॉटरने ही सगळी साखळी एकट्याच्या अंगावर घेतलेली असते. माती निवडणे, मळणे, चाकावर घडवणे, ग्लेझचा म्हणजे झिलईचा कस जुळवणे, भट्टी लावणे, विकणे हे सारे एक माणूस किंवा फार तर दोन-तीन मदतनिसांची लहानशी कार्यशाळा करते. शेवटी भांड्याच्या बुडाशी सही किंवा शिक्का उमटतो. ही सही लोकांना मिरवणे वाटते. मला ती कबुली वाटते. भट्टी उघडल्यावर चीर दिसली तर ती कुणाची, हे त्या सहीने आधीच सांगून ठेवलेले असते. आपल्या भाषेत दुसऱ्याच्या माथी खापर फोडण्याची सोय आहे. सही करणाऱ्याला ती सोय उरत नाही.

खापर हा शब्द आला आहे तर त्याच्याजवळ थोडे थांबू. मराठीत त्याचा पहिला अर्थ फुटक्या मडक्याचा तुकडा. आजोबा, पणजोबा यांच्याही मागे गेल्यावर आपण ज्याला खापरपणजोबा म्हणतो त्याच्या नावातही तो आहे. खानदेशात मात्र खापर म्हणजे चुलीवरचे एक जिवंत भांडे. मोठ्या उथळ मडक्यासारखे हे पात्र चुलीवर पालथे घालतात, खालून लाकडांचा जाळ लागतो आणि वरच्या तापलेल्या घुमटावर पुरणाचा मांडा पडतो. सुगरण तो मांडा पोळपाटावर पूर्ण लाटत नाही. दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत मोठा करते आणि एका झोक्यात खापरावर टाकते. आखाजीला आमरसाबरोबर हेच मांडे असतात. म्हणजे एकाच सणाला कुंभाराची दोन भांडी लागतात. एक पाणी गार ठेवणारी, दुसरी आग सोसणारी.

ही दोन्ही कामे स्टुडिओतल्या महागड्या स्टोनवेअरला जमत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. स्टोनवेअर सुमारे 1200 ते 1300 अंश सेल्सिअसला भाजतात. त्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांत वितळून घट्ट होतात, छिद्रे मिटतात आणि भांडे पाणी पीत नाही. चहाच्या कपाला हे हवेच असते. माठाला मात्र छिद्रेच लागतात. पाणी झिरपून बाहेर येते, वैशाखाच्या कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. स्टोनवेअरच्या घागरीत पाणी कोमट राहील. ती चुलीवर उघड्या जाळावर ठेवली तर बहुधा तडकेल. कुंभाराचे खापर टिकते ते त्याची माती भरड, वाळूमिश्रित आणि कमी तापमानाला भाजलेली असते म्हणून. एका बाजूने तापले, दुसऱ्या बाजूने निवले तरी त्या सैल अंगाला ताण सोसतो. भट्टीचे तापमान जास्त म्हणजे भांडे श्रेष्ठ, हा समज घेऊन पॉटरी शिकायला आलेल्या माणसाने आधी खानदेशातली एखादी चूल पाहावी.

नंदुरबार जिल्ह्यात मातीच्या भांड्यांचा इतिहास सांगायला पुराणात शिरावे लागत नाही. जमिनीतच तो थरांनी पडून आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशे भाविकांना दक्षिण काशी म्हणून माहीत आहे. त्याच गावच्या पांढरीच्या टेकाडात 1955 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाणयुगाची वस्ती लागली. आधी माळव्याच्या धाटणीची रंगवलेली भांडी, मग जोर्वे पद्धतीची, आणि त्यांच्याबरोबर गुजरातकडची तकतकीत तांबडी भांडी. वर लोहयुगातली काळी-तांबडी भांडी, त्याच्याही वर पुढच्या शतकांतली. तापीकाठच्याच सावळदा गावाने तर एका संस्कृतीला नाव दिले. चॉकलेटी-तांबूस लेप दिलेली, त्यावर हत्यारांच्या आकृत्या आणि भौमितिक नक्षी काढलेली ही सावळदा भांडी सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला सर्वांत खालच्या थरात तीच सापडली.

जोर्वे भांड्यांचा एक विशेष उत्खननकारांनी वारंवार नोंदवला आहे: ती इतकी नीट भाजलेली आहेत की वाजवली तर धातूसारखी खणखणतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कुंभाराचे नाव, गाव, भाषा यांपैकी आपल्याला काही ठाऊक नाही. आखाजीच्या बाजारातली बाई त्याचे भांडे उचलती तर भाव मात्र नक्की विचारती. चोच असलेले, कंबरेशी कोन घेतलेले ते जोर्वे पात्र पाहिले की 'कलाकार' आणि 'कारागीर' अशी विभागणी करणाऱ्याला दोन मिनिटे गप्प बसावे लागते.

ही विभागणी आली केव्हा? महाराष्ट्रात तिची एक सुरुवात मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दिसते. तिथे 1870च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने मातीच्या भांड्यांची कार्यशाळा चालू झाली. झिलईचे काम जाणणारे सिंधचे कुंभार तिथे आले आणि भांड्यांवर अजिंठ्याची चित्रे उतरू लागली. ती भांडी परदेशांतल्या प्रदर्शनांत गेली, संग्रहालयांत बसली. शाळेचे नाव झाले. चाकावर बसलेल्या हातांची नावे बहुतेक राहून गेली.

विसाव्या शतकातली कथा जपान आणि इंग्लंडमधून येते. बर्नार्ड लीच आणि शोजी हामादा यांनी 1920 साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्हज इथे भट्टी उभारली. लीचचे 'अ पॉटर्स बुक' 1940 साली आले आणि जगभरच्या स्टुडिओ पॉटरांचे पाठ्यपुस्तक झाले. त्यांचा मित्र, जपानी विचारवंत सोएत्सु यानागी, सांगत असे की खरे सौंदर्य अनाम कारागिराच्या रोजच्या भांड्यात असते. गंमत अशी की अनामाची थोरवी गाणाऱ्या या चळवळीतूनच नामवंत पॉटर तयार झाले. लीच भांड्यांवर शिक्का मारत असे. हामादाने जपानला परतल्यावर शिक्का मारणे सोडून दिले. भांडे ओळखायचे त्याने हातात घेऊन ओळखावे, ही त्यामागची धारणा. सही करणारा लीच आणि न करणारा हामादा, दोघांचेही बरोबर होते असे मला वाटते. दोघांनीही दोष दुसऱ्यावर ढकलला नाही.

त्याच मंडळींना जपानमध्ये भेटलेले सरदार गुरुचरण सिंग यांनी 1952 साली दिल्लीत 'दिल्ली ब्लू पॉटरी' सुरू केली. पुदुच्चेरीत 1971 साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 'गोल्डन ब्रिज पॉटरी' काढली आणि आज देशभर काम करणारे कितीतरी पॉटर तिथे घडले. आपल्याकडे पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांचे नाव पहिल्यांदा घ्यावे लागते. शांतिनिकेतन, जर्मनी आणि मग खुद्द लीच यांच्याकडे शिकून आलेल्या या बाईंनी ग्लेझच्या पाककृती वर्षानुवर्षे तपासल्या आणि भारतात मिळणाऱ्या मालमसाल्यावर बेतलेले हँडबुक इंग्रजीत लिहिले. ज्ञान कुलुपात ठेवण्याच्या धंद्यात त्यांनी वही उघडी टाकली. दुसऱ्या टोकाला चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी गांधीविचाराने ग्रामोदय संघ उभा करून कुंभारांनाच नवे तंत्र शिकवले. तिसरे उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित. ते बिहारच्या कुंभार घराण्यातले. त्यांनी स्टुडिओ पॉटरीत नाव कमावले आणि 2013 साली पद्मश्री मिळवली.

पंडितांचे उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवले आहे. कारण या क्षेत्रातला एक अवघड प्रश्न त्यातून समोर येतो. कलाशाळेतून पदवी घेऊन आलेल्याने वाडगा केला तर तो 'पीस' होतो आणि दालनात दिव्याखाली ठेवला जातो. पिढीजात कुंभाराने तितक्याच सफाईने केला तर रस्त्याकडेला गवतावर मांडला जातो आणि त्याचा भाव पाडून मागितला जातो. फरक कधी ग्लेझचा असतो, कधी तापमानाचा. पुष्कळदा तो जातीचा, इंग्रजीचा आणि ओळखीपाळखीचा असतो. सही करण्याची मुभाही सगळ्यांना सारखी मिळालेली नाही. त्याचबरोबर या चळवळीच्या पदरात एक पुण्यही टाकायला हवे. परंपरेत बहुतेक ठिकाणी चाक बाईच्या हाती नसे. माती मळणे, थापटणे, रंगवणे, बाजारात विकणे तिच्याकडे आणि चाक पुरुषाकडे. स्टुडिओने ते चाक तिच्यापुढे आणून ठेवले. आज पॉटरीच्या कुठल्याही वर्गात डोकावले तर चाकावर बायाच जास्त दिसतात.

आता नंदुरबारात बसून हे काम करायचे तर हाताशी काय आहे? 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तरेला नर्मदा, मधून तापी आणि दोहोंमध्ये सातपुडा अशा बेचक्यात आहे. पायाखाली बहुतांश काळा बेसाल्ट, आणि त्याची झीज होऊन बनलेली कपाशीची काळी माती. ही काळी माती शेतकऱ्याची लाडकी, कुंभाराची वैरीण. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि उन्हाळ्यात शेतात पाय जाईल अशा भेगा पडतात. तशाच भेगा भांड्यालाही पडतील. म्हणून कुंभार तळ्याचा किंवा नदीचा गाळ निवडतो आणि त्यात वाळू, राख, लीद, तूस मिसळतो. लीद आणि तूस भट्टीत जळून जातात, मागे बारीक पोकळ्या राहतात आणि भांडे पाणी झिरपवायला मोकळे होते. आपण ज्याला घाण म्हणतो ती इथे पाककृतीतली अचूक मोजलेली चीज असते.

स्टोनवेअरसाठी लागणारी पांढरी, उच्च तापमान सोसणारी माती आणि फेल्डस्पार बाहेरून मागवावे लागतात. सुरत-भुसावळ लोहमार्गाने गुजरात जवळ आहे आणि सिरॅमिकचा मोठा धंदा तिथेच आहे. पण ग्लेझच्या बाबतीत हा जिल्हा श्रीमंत म्हणावा लागेल. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवून बसवलेली काच. तिला तीन गोष्टी लागतात: काच बनवणारी सिलिका, ती ओघळू नये म्हणून ॲल्युमिना, आणि तिचा वितळबिंदू खाली आणणारे क्षार. शुद्ध सिलिका 1700 अंशांच्या पुढे वितळते. राखेतला चुना आणि पोटॅश तिला पाचशे अंश खाली ओढतात. नवापूरकडच्या भाताच्या तुसाची राख जवळजवळ सगळी सिलिकाच. कपाशीच्या पऱ्हाट्यांची राख क्षार पुरवते. खडीच्या क्रशरखाली साचलेली बेसाल्टची काळी भुकटी गाळून, दळून वापरली तर तिच्यातल्या लोहामुळे 1250 अंशांच्या आसपास काळपट-तपकिरी, कडेला तांबूस झाक मारणारे ग्लेझ मिळते. जपानी चहाच्या वाडग्यांत ज्या रंगाचे कौतुक होते त्याचा कच्चा माल आपल्याकडे रस्त्यावर अंथरला जातो.

कामाचा दिवस कसा असतो, याची कल्पना बहुतेकांना चाकावरच्या ओल्या गोळ्याच्या चित्रफितींवरून आलेली असते. चाक हा कामाचा लहान भाग आहे. माती मळण्यात, तिच्यातली हवा काढण्यात मनगटे जातात. गोळा चाकाच्या मध्यावर आणायला नवशिक्याला कित्येक आठवडे लागतात, कारण तिथे जोरापेक्षा हात स्थिर ठेवणे महत्त्वाचे. भांडे दोऱ्याने कापून उतरवले की ते वाळवण्याची परीक्षा. सुकताना आणि भाजताना मिळून माती दहा-बारा टक्के आक्रसते. कपाचा कान आणि कपाचे अंग वेगवेगळ्या वेगाने सुकले की सांध्यावर चीर जाते. नंदुरबारच्या चैत्र-वैशाखात वारा भट्टीसारखा येतो, तेव्हा भांड्यांना ओल्या फडक्याखाली, वर प्लास्टिक टाकून, तान्ह्या पोरासारखे सांभाळावे लागते. पावसाळ्यात उलट: भांडे वाळता वाळत नाही.

मग आग. पहिली भाजणी सुमारे 900 ते 1000 अंशांची. सुरुवातीला अगदी सावकाश, कारण आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ झाली तर भांडे फुटते आणि शेजारच्या चारांना घेऊन जाते. 573 अंशांवर मातीतल्या क्वार्ट्झचे स्फटिक अचानक फुगतात. निवताना त्याच जागी आक्रसतात. हा उंबरठा घाईने ओलांडला की भांड्याच्या अंगात न दिसणारी चीर राहते आणि टिचकीचा आवाज भद्द येतो. ग्लेझ लावल्यावर दुसरी भाजणी. भट्टीच्या छिद्रातून आतले कोन, म्हणजे ठराविक उष्णतेला वाकणारे मातीचे लहान सुळके, वाकलेले दिसले की आग थांबवायची आणि निवायला एक-दोन दिवस द्यायचे. या दोन दिवसांत भट्टी उघडण्याचा मोह आवरणे हेच अर्धे शिक्षण. मग दार उघडते. कधी सारे ग्लेझ फळीवर ओघळून भांडी चिकटलेली असतात, कधी ज्या रंगाची स्वप्ने पाहिली त्याच्या जागी शेवाळी डाग असतो. आणि कधी, कारण न कळता, एक वाडगा असा उतरतो की पुढची दहा वर्षे तो पुन्हा साधण्यात जातात. म्हणून वही लागते. कोणती माती, किती राख, भट्टीच्या कोणत्या खणात, किती तास, सगळे लिहून ठेवायचे.

या जगण्याचे तोटेही सांगायला हवेत. मातीची कोरडी धूळ फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस होतो. म्हणून स्टुडिओ कधी झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. स्वस्त चकाकीसाठी शिशाचे ग्लेझ जेवणाच्या भांड्याला लावणे हा गुन्हा समजावा, कारण आंबट पदार्थांत शिसे उतरते. पाठ, मनगट, गुडघे लवकर कुरकुरतात. नुसत्या भांड्यांवर घर चालवणारे थोडे. बरेच जण आठवड्यातून काही दिवस वर्ग घेतात, टाइल्स करतात, हॉटेलांची ताटे घेतात. त्यात कमीपणा नाही. खानदेशातला कुंभारही घागरींबरोबर पोळ्याचे बैल करतो आणि भादव्यात भुलाबाई-भुलोजी रंगवतो. नंदुरबारात तर गणपतीच्या मूर्तींचा मोठा व्यवसाय आहे आणि इथल्या मूर्ती शेजारच्या राज्यांतही जातात. वर्षाचे चक्र सणांवर फिरवायचे, हे त्याला आधीपासून ठाऊक आहे.

पुढच्या पानांत माती ओळखण्यापासून भट्टी रचण्यापर्यंतची कृती क्रमाने येईल. ती वाचून कुणी पॉटर होणार नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कुणी तापी ओलांडत नाही. वाचकाने पहिल्या प्रकरणाआधी दोन कामे मात्र करावीत. आपल्या गावच्या कुंभाराकडे जाऊन तो माती कुठून आणतो आणि तीत काय मिसळतो हे विचारावे, आणि त्याचा वेळ घेतल्याबद्दल एक मडके पूर्ण भावाने विकत घ्यावे. स्वतःचे पहिले भांडे भट्टीतून निघाले की ते कपाटात ठेवू नये. त्यात रोज काहीतरी खावे, प्यावे, ते घासावे. फुटले तर तुकडा हातात घेऊन कड पाहावी. चूक कुठे झाली ते तो तुकडा सांगतो. आणि आपले असो की नामवंताचे, भांडे घ्यायच्या आधी टिचकी मारून ऐकावे. आवाज भद्द आला तर ते खाली ठेवावे, मग बुडाशी सही कुणाचीही असो.